त्याला जेवू द्या

भावाच्या खेळाला लोकांनी नावं ठेवली तेव्हा डोकं माझं फिरलं, त्याचं नाही. तो नुसता गप्प झाला. आमच्या घरात एकाने गप्प बसायचं आणि दुसऱ्याने भांडायचं अशी वाटणी लहानपणीच झालेली आहे, आणि भांडायचं काम माझ्याकडे आहे.

खेळ म्हणजे कॉम्प्युटरवरचा. नाव सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही मोबाइल काढून शोधत बसाल आणि हे वाचायचं राहून जाईल. सुपारी घेऊन माणसं मारणाऱ्या एका माणसाचा खेळ आहे. माझ्या धाकट्या भावाने तो एकट्याने बनवला, वणीतल्या आमच्या घराच्या वरच्या खोलीत, कूलरच्या घरघरीत बसून. चित्रं त्याची, आवाज त्याचे, बोलणं त्याचं. कोळशाच्या ट्रकांनी काळा पडलेला रस्ता, कडेच्या बाभळींवर धूळ, लांबवर पत्र्याचा एक ढाबा आणि ढाब्यावर एकच पिवळा दिवा. त्या रस्त्याने हा मारेकरी खांद्याला पिशवी लटकवून चालत जातो. पळत नाही. भावाने पळायची कळच ठेवली नव्हती. काहून नाही ठेवली असं विचारलं तर म्हणायचा, त्याला कसली घाई आहे?

असे खेळ विकायचं ऑनलाइन दुकान असतं. खेळून झालं की लोक तिथेच खाली मत लिहितात. पहिल्या काही दिवसांत आलेली मतं मी एसटीत बसून वाचली आणि मारेगाव येईपर्यंत माझं रक्त उकळलं. एकाने लिहिलं होतं, वातावरण झकास आहे, पण खेळ कुठे आहे? दुसरा म्हणत होता, हा मारेकरी आहे की पोस्टमन? तिसरा म्हणाला, अर्धा तास चाला, एक माणूस मारा, संपलं. हा तर नमुना वाटतो, पुरा खेळ कधी येणार? आणि एक दीडशहाणा म्हणाला, उदासच व्हायचं असेल तर मी माझ्याच घरी फुकटात होतो की.

बरं, मी काही हळवी बाई नाही. मारेगावला मी वीजबिलाच्या खिडकीवर बसते. दिवसभर तक्रारी ऐकणं हाच माझा धंदा. पण ती शिवी बिलाला असते, ही माझ्या भावाला होती.

भाऊ आधी चहाला खाली यायचा बंद झाला. मग एक दिवस आला आणि सांगितलं की हैदराबादला नोकरी धरली आहे, येत्या नाही, त्याच्या पुढच्या सोमवारी निघायचं. जायच्या आधी खेळ दुकानातून काढून टाकतो, म्हणाला, आणि पुन्हा या भानगडीत पडणार नाही. बाबांनी वर्तमानपत्रातून डोकं काढलं नाही. आईने त्याच्या ताटात भाजी वाढली. मी म्हटलं, थांब. काढायचा नाही. मी अजून खेळले कुठे आहे?

खरंच खेळले नव्हते. फोनवर फुगे फोडण्यापलीकडे माझी मजल नव्हती. पण त्या दुकानात ज्याने खेळ खेळला त्यालाच मत लिहिता येतं, आणि मला त्या पोस्टमनवाल्याला उत्तर द्यायचंच होतं. भावाने रडत-कुथत जुना लॅपटॉप दिला. शनिवारी सुटी होती. जेवणं आटोपल्यावर बसले.

पहिला तासभर माझा मारेकरी नाल्यात पडत होता नाहीतर भिंतीला तोंड लावून चालत होता. आई मागून म्हणाली, त्या बिचाऱ्याला काहून धडकवून राह्यली वो? मी दात-ओठ खाऊन त्याला पुन्हा रस्त्यावर आणायची. कसाबसा ढाबा आला.

ढाब्यावर ज्याला मारायचं तो माणूस खाटेवर जेवत बसलेला. भाकर, वांग्याची भाजी, ठेचा. पडद्यावर खूण आली की ही कळ दाबली की पिस्तूल. मी हात मांडीवर ठेवले आणि थांबले.

हे मी ठरवून केलं नाही. दुसरं काही मनातच आलं नाही. माणूस जेवत होता ना! आमच्याकडे जेवत्या माणसावर कोणी ओरडतसुद्धा नाही. लाइन कापायला जाणारे आमच्या ऑफिसातले लोकही, घरचा माणूस ताटावर असला तर अंगणात उभे राहतात. मग कापतात. कापतात तर खरंच, पण त्याचं जेवण झाल्यावर.

तो माणूस काही लवकर आटपेना. त्याने आणखी एक भाकर मागितली. मी उठून कपडे वाळत घालून आले, तरी तो जेवतच होता. मारेकरी समोरच्या बाजेवर बसून त्याच्याकडे पाहत होता. मग त्याने तिसरी भाकर मागितली. ती त्याला नको होती हे दिसत होतं. घास हातात घ्यायचा, ठेवायचा, पुन्हा घ्यायचा. आणि तेव्हा मला कळलं, हे जेवण मी पाहिलेलं होतं.

काही वर्षांपूर्वी भाऊ पुण्याची नोकरी सोडून न सांगता घरी आला तो असाच उन्हाळा होता. बाबा खाणीत पंपावर काम करून नुकतेच निवृत्त झाले होते आणि पोराची नोकरी हा त्यांचा मोठा अभिमान होता. पोराच्या आधी बातमी पोचली होती. आईने त्याला वाढलं. बाबा समोर खुर्ची घेऊन बसले, एक शब्द न बोलता. भाऊ जेवत राहिला. भाकर मागितली, अजून मागितली, भूक नसताना मागितली, कारण हात धुतले की बाबा बोलणार होते. शेवटी त्याने हात धुतले. बाबा उठले आणि बाहेर निघून गेले. त्यानंतर दोघं गॅसच्या सिलिंडरबद्दल बोलतात, नळाच्या पाण्याबद्दल बोलतात. त्या गोष्टीबद्दल मात्र कधी बोलले नव्हते. बाबा वरच्या खोलीत कधी चढले नाहीत. गुडघे दुखतात म्हणायचे.

म्हणजे या बह्याड, वेड्या पोराने बाबांना मारेकरी केलं होतं!

पडद्यावरचा माणूस उठला, हात धुतले, खांद्यावरच्या दुपट्ट्याला पुसले आणि माझ्यासमोर येऊन म्हणाला, चला. मग ते दोघं नदीकडे चालत निघाले आणि खरा खेळ तिथून सुरू झाला. तो माणूस वाटभर बोलतो. बायकोबद्दल, चोरीला गेलेल्या सायकलबद्दल, आपण काय केलं आणि काय करायला नको होतं त्याबद्दल. तुम्ही त्याला विचारू शकता, त्याच्या हातची विडी घेऊ शकता. संध्याकाळ होता होता पूल येतो. पुलावर तो तुमच्याकडे पाठ करून उभा राहतो, आणि पुन्हा तीच पिस्तुलाची खूण येते. मी रडत रडत कळ दाबली. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच.

डोळे पुसून मी जिना चढले आणि भावाला विचारलं की नदीपर्यंतच्या चालण्याबद्दल एकाही माणसाने काहून लिहिलं नाही? त्यांना नसेल आवडलं, तो म्हणाला. पण मी तक्रारी वाचणारी बाई आहे. लोकांनी अर्धा तास लिहिला होता आणि माझी अख्खी दुपार गेली होती. हिशेब जुळत नव्हता. मी म्हटलं, कोणी खेळतानाचा व्हिडिओ टाकला असेल तर दाखव. भाऊ स्वतः असे व्हिडिओ पाहत नसे, छातीत धडधडतं म्हणायचा. मी शोधायलाच लावला. आईही वर आली होती.

परदेशातला कुठला तरी पोरगा होता. रस्त्याने चालला, ढाब्यात शिरला, आणि जेवणाऱ्या माणसाच्या हातात घास असताना त्याला गोळी घातली. पडदा काळा. खेळ समाप्त.

"अरे, जेवू तं द्याचं त्याले!" आई म्हणाली.

भावाने व्हिडिओ बंद केला. मग हळूहळू सगळं बोलला. खेळ दुकानात लावायच्या आधी त्याने यवतमाळच्या मित्रांना खेळायला दिला होता. लोहाऱ्याच्या एमआयडीसीत कामाला असलेली पोरं. सगळे थांबले होते. एक तर बाहेर जाऊन चहा पिऊन आला होता. ताटावरच्या माणसाला मारायचं एकालाही सुचलं नाही, त्यामुळे पुढे काय आहे ते सगळ्यांनी पाहिलं आणि चूक कुणालाच दिसली नाही. जेवताना गोळी घातली तर काळा पडदा, हे भावाने नुसतं असावं म्हणून ठेवलं होतं. जगातली बहुतेक माणसं त्याच दारातून बाहेर गेली होती.

मी म्हटलं, मग पडद्यावर एक ओळ टाक, जेवण होईपर्यंत थांबा म्हणून. तो म्हणाला, नाही. सांगून थांबला तर तो थांबला कसला? मी खूप भांडले. तोही आमच्याच घरचा, हलला नाही. शेवटी मी म्हटलं, तू नको सांगू, मी सांगते. माझं मत लिहायचा हक्क मी कमावलाय.

दुकानात माझं मत लिहिलं. मराठीत आणि खाली इंग्रजीत. एवढंच: त्याला जेवू द्या.

दोन-तीन दिवसांत लोक परत यायला लागले. एकाने लिहिलं, एवढं लांब जेवण कोणत्याच खेळात पाहिलं नाही, पण मी उठलो नाही. एक म्हणाला, मी माझं ताट घेऊन त्याच्यासमोर बसलो, दोघं सोबत जेवलो. पोस्टमनवाल्याने आपलं जुनं मत पुसलं आणि लिहिलं की सायकलचं ऐकल्यावर माझी बोटं कळेवर जाईनात. मी ऑफिसात खिडकीवर बसून हे वाचत होते आणि समोरचा माणूस विचारत होता, मॅडम, बिलात हसण्यासारखं काय आहे?

पण आता एक नवी तक्रार सुरू झाली, आणि ती सगळ्यांची एकच होती. आम्ही पुलावरही थांबलो. कळ दाबली नाही. काहीच होत नाही. दोघं नुसते उभे राहतात. असं काहून?

मी भावाला विचारलं. तो बॅग भरत होता. खेळ आता काढत नाही, राहू दे म्हणाला, पण पुढे काही करणार नाही. पुलावर काही होत नाही कारण तिथे त्याने काही बनवलंच नव्हतं.

"काहून?"

"मले माहीत नाही पुढं काय होते ते," तो म्हणाला. "तुले माहीत हाये?"

मला माहीत नव्हतं. ज्याला माहीत होतं तो खाली वर्तमानपत्र वाचत बसला होता.

रविवारी दुपारी मी बाबांना म्हटलं, चला वर. ते म्हणाले, गुडघे. मी म्हटलं, गुडघ्यांना मी खांदा देते, पण आज चढल्याशिवाय मी तुम्हाला चहा देणार नाही. तोंडाने काहीतरी पुटपुटत चढले. भावाने खुर्ची रिकामी केली आणि दाराशी उभा राहिला. बाबा दोन बोटांनी कळा दाबत त्या काळ्या रस्त्याने निघाले. नाला त्यांनी बरोबर चुकवला, खाणीच्या रस्त्यांची त्यांना सवय. ढाब्यावर आले, माणूस जेवताना पाहिला आणि त्यांनी हात मागे घेतले. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

तिसरी भाकर मागितली तेव्हा ते खाकरले. भावाकडे पाहिलं नाही. चालण्याच्या वेळी त्यांनी त्या माणसाला सगळं विचारलं, एकही प्रश्न सोडला नाही. मग पूल आला. खूण आली. बाबांचे हात मांडीवरच राहिले.

"दाबा बाबा," भाऊ म्हणाला. "तेवढं दाबलं की संपते."

"नाही दाबत."

बाबा पडद्याकडेच पाहत बोलले. "त्या दिवशी मी काहून उठून गेलो, तुले काय वाटलं? रागानं?"

भावाने मान डोलावली.

"भूक नसताना जेवून राह्यला होता तू. बापाच्या भेवानं. माह्या घरात माह्या पोरानं भेवानं खाल्लं. मले तिथं बसवत नोतं."

भाऊ दाराच्या चौकटीला टेकून खाली बसला आणि तोंड झाकून रडायला लागला. मी पण रडले, लपवत नाही. बाबा मात्र तसेच बसून होते, पुलावरच्या त्या दोघांकडे पाहत.

"उद्या जायचं हाये मले," भाऊ कसाबसा म्हणाला.

"जा नं. मी कुठं नाही म्हटलं?" बाबा म्हणाले. "पण या दोघायले असं पुलावर उभं ठेवून जाऊ नको."

भाऊ सोमवारी गेला नाही. सकाळी उजाडल्याबरोबर बाबा चहाचा कप धरून, कठड्याला हात लावत एकटेच जिना चढले, आणि वर जाऊन त्यांनी विचारलं, "झालं का?"