अम्मींच्या कबरीवरचा दिवा

हे माझ्या नवऱ्याला माहीत नाही. दोन्ही पोरींना नाही. अम्मींना तेवढं माहीत असेल, असं मला वाटतं — आणि त्याचीच मला भीती वाटते. चौथीपर्यंत शिकलेली बाई मी, अक्षर वाकडं येतं, पण तुम्हाला वाचता येईल.

अम्मी म्हणजे माझ्या सासूबाई. मार्गासनीच्या बाजूला आमची मुसलमानांची चारच घरं आहेत. तिथून पार पासलीपर्यंत, धनगरांच्या वाड्यांवरसुद्धा, त्या सुईण म्हणून पायी जायच्या. किती पोरं त्यांच्या हातावर आली, हे त्यांनी कधी मोजलं नाही. पांढऱ्या मिशांचे बाप्ये एसटीत उठून त्यांना जागा द्यायचे. म्हणायचे, "बसा आजी, जल्मलो तवा पयल्यांदा तुमीच धरलं आमाला." मी मागं पदर तोंडाशी धरून उभी असायचे, आणि ऊर भरून यायचा. मी यांची सून! आजही तो अभिमान गेलेला नाही. तो का जावा?

मी बोलत नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. पुरुषांसमोर तर शब्दच फुटत नाही. अम्मी चेष्टेनं म्हणायच्या, "हिच्या तोंडाला कुलूप हाय, किल्ली माज्यापाशी." खरंच होतं ते. त्यांच्याशी मात्र मी पुष्कळ बोलायचे.

गुरुवारी आम्ही दोघी डोंगराखालच्या पिराला जायचो. बाकीच्या बायका धागे बांधायच्या, नवस बोलायच्या. अम्मी फातिहा पढून निघायच्या. तुम्ही काही मागत का नाही, असं मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, मेलेल्यांसाठी मागायचं असतं, मेलेल्यांकडं नाही. त्यांनीच मला सांगितलं होतं — माती देऊन माणसं चाळीस पावलं लांब गेली, की कबरीत दोन फिरिश्ते येतात आणि सवाल करतात. तिथं कुणाची ओळख चालत नाही. मागून जिते लोक तुमच्या नावानं काय करतात, तेही तिथं कळतं म्हणे.

मग मी ते का केलं? — थांबा, आधी अम्मींचं सांगते.

शेवटच्या आठवड्यात त्यांच्याजवळ मीच होते. एका दुपारी त्यांनी माझं मनगट धरलं. "माजी कबर कच्ची ठेवा. फरशी नगं, दिवा नगं. दोन पावसाळ्यात बसली तर बसू द्या."

मी म्हणाले, मग लोकांना कळणार कसं तुम्ही कुठं आहात ते?

"फिरिश्त्यांना कळलं म्हंजे झालं. आन् अडलेल्या बायका हितं आणू नगा. जिती असताना मला कुणाच्या कळा थांबवता आल्या न्हाईत, मेल्यावर काय थांबवणार?" असं म्हणून त्या हसल्या. मग म्हणाल्या, हे सगळ्यांना सांग. मी हो म्हणून मान हलवली.

माती झाली. तिसऱ्या दिवशी अंगणात पुरुष बसले होते. माझा नवरा म्हणाला, कबर कच्चीच असू द्या, आपल्यात तसंच सांगितलंय. मोठे दीर म्हणाले, एवढी मोठी आई, आणि तिची खूण राहायची नाही? गावातले मराठे म्हातारे आले होते, तेही म्हणाले की पक्की करा, आजी आमचीपण हाय. बोलणं वाढत गेलं. शेवटी दिरांनी विचारलं, अम्मीजवळ कोण होतं? सगळ्यांच्या नजरा दाराकडं वळल्या. दाराआड मी होते.

आमच्याकडचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. मातीचा उंचवटा दोन वर्षांत सपाट होतो, त्यावर गवत येतं. मग कोण म्हणेल, ही अमक्या आजीची सून? हेच मनात आलं — दुसरं काही नाही. मी बोलले, "पक्की करा म्हणाल्या. गुरुवारी दिवा लावा म्हणाल्या."

दिव्याचं तर कुणी विचारलंही नव्हतं.

एक म्हातारा म्हणाला, "ही बाय कदी बोलत न्हाई. बोलली म्हंजे खरंच आसंल." माझ्या नवऱ्यानं मान खाली घातली. उभ्या जन्मात मी पुरुषांसमोर पहिल्यांदाच बोलले, आणि ते खोटं बोलले.

आता तिथं पांढरी फरशी आहे, हिरवी चादर आहे. पासलीच्या, वेल्ह्याच्या पोटुश्या बायका तेल घेऊन येतात. तेल कुठं ओतायचं, ऊद कधी लावायचा, मी सांगते. त्या मला वाकून नमस्कार करतात. मला ते आवडतं. अम्मींना काय वाटत असेल? मी विचार करते, आणि वात पुढं सारते.

यंदा भात लावणीच्या दिवसांत एक टेम्पो आला. आत कळा देणारी पोर होती. वेल्ह्याच्या दवाखान्यात निघाले होते, पण पोरीची सासू म्हणाली, आधी आजींचं तेल लावू. मला सांगता आलं असतं — थांबू नका, जा. मी दिवा लावला. वारा होता, वात धरेना, तरी लावत बसले. पोर वाटेतच बाळंत झाली. बाळाच्या गळ्याला नाळेचा वेढा होता. जगलं. दवाखान्यात त्यांना सांगितलं, आणखी जरा उशीर झाला असता तर हाती लागलं नसतं.

सव्वा महिन्यानं ती सगळी बाळ घेऊन आली. आजींनीच वाचवलं, म्हणत होती. सोबत घरचे पुरुष होते. पोरीच्या सासूनं मला विचारलं, "दिवा लावायचं आजींनी सोता सांगितलं व्हतं, खरं का?"

अम्मींचं सगळं बोलणं मला आठवत होतं. शब्दन् शब्द.

"व्हय," मी म्हणाले. पुरुषांसमोर, आणि आवाज कापला नाही. मग बाळाला कबरीवर ठेवायला मीच हात पुढं केले.