कापलेलं कडवं

हवालदारानं भाऊजींचं मनगट धरलं होतं. दुकानातल्या कॅसेटी खोक्यांतून रस्त्यावर ओतल्या होत्या आणि बाजारातली माणसं कडं करून उभी होती. मुंबईहून आलेल्या कॅसेट कंपनीच्या माणसानं आमच्याच टेपवर आमचीच कॅसेट लावली. ढोलकी वाजली, घुंगरं वाजली, आवाज लागला. त्यानं बटण दाबून तो बंद केला आणि बाकड्यावर बसलेल्या म्हाताऱ्याला विचारलं, "शाहीर, आवाज तुमचाच ना? ह्या माणसाला तुम्ही परवानगी दिली होती?"

म्हाताऱ्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि तिच्याकडेच बघत बसला. मी घराच्या आणि दुकानाच्या मधल्या दारात उभी होते, हात पिठाचे. मी चौथीपर्यंत शिकले आहे, कायदा मला कळत नाही. पण हा माणूस 'नाही' म्हणाला की भाऊजी आत जाणार, एवढं कळत होतं. आणि त्यानं 'नाही' का म्हणू नये, याचं एकही कारण मला सुचत नव्हतं.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर, किसन. महाडात त्यांना सगळे टेपवाला किसन म्हणत. माझा नवरा लवकर गेला, भाऊजींनी लग्न केलं नाही, तेव्हा आमचं घर म्हणजे आम्ही दोघं आणि बाहेरच्या खोलीतलं त्यांचं दुकान. मुंबईत रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात ते बरीच वर्षं होते. परत आले ते दोन टेपरेकॉर्डर घेऊन. एकात कॅसेट वाजायची, दुसऱ्यात ती उतरायची. ऐंशी साल उलटून गेलं होतं. मुंबईचा चाकरमानी सणाला येताना टेप घेऊन यायचा, पण कॅसेटी कुठून आणणार? इथल्या दुकानात मिळत नसत, मिळाल्या तर महाग. मग सगळे भाऊजींकडे. एमआयडीसीतले कामगार पाळी सुटली की सायकल दाराला टेकवून सिनेमातली गाणी भरून मागायचे, पोलादपूरकडचे लोक नाचाची गाणी मागायचे, आमच्या वस्तीतली माणसं बाबासाहेबांची गाणी घेऊन जायची.

माणूस कसा होता ते सांगते. गाण्याचं एवढं वेड, पण गळा अगदी फुटका. गुणगुणायला लागले की मी आतून ओरडायची, "भाऊजी, दूध नासंल." ते हसून गप्प बसायचे. कॅसेट उतरवताना कान टेपला लावून डोळे मिटून बसत. कापूस स्पिरिटमध्ये बुडवून टेपचं डोकं असं पुसत, जशी बाळाची नाळ पुसावी. अडकलेली कॅसेट पेन्सिलीनं फिरवून सोडवायची तर तासभर बसतील, पण फेकणार नाहीत.

पाचाडची एक बाई यायची. तिचा नवरा आखातात कामाला होता. तो पत्राऐवजी कॅसेटमध्ये बोलून पाठवायचा. एक कॅसेट तिनं इतकी वाजवली की फीत ओढली गेली. भाऊजींनी ती दुसऱ्या कॅसेटवर उतरवून दिली, पण सगळा वेळ आवाज बंद ठेवून, नुसते टेपच्या काट्याकडे बघत बसले होते. मी म्हटलं, "आवाज न ऐकता कसं कळणार नीट उतरलं की नाही?"

"काटा हलताना दिसतो, वयनी. दुसऱ्याच्या घरातलं बोलणं ऐकायचं नसतं."

म्हणजे चोरी कशाला म्हणतात हे त्यांना कळत होतं. आणि तरीही कुणी त्यांना गाणीचोर म्हटलं तर त्यांचं डोकं फिरे. "भाकर चोरली तर दुसऱ्याच्या ताटातली भाकर कमी होते," ते म्हणत. "मी गाणं उतरवलं तर कुणाचं गाणं कमी झालं? दाखवा." आणि मग त्यांचं शेवटचं वाक्य ठरलेलं असे: "पाण्याला मालक नसतो."

हे वाक्य आमच्या घरात कुठून आलं ते महाडात कुणाला सांगावं लागत नाही. माझे सासरे चवदार तळ्यावर गेले होते आणि ओंजळभर पाणी प्यायले होते. ते त्यावर फारसं बोलत नसत. पण मुलाच्या हाडात ते मुरलं होतं. जे अडवून ठेवलं जातं ते खुलं करायचं, मग ते पाणी असो की गाणं. मला हे पटायचं. तरी मी एकदा म्हटलं, "भाऊजी, भाकर कमी होत नाही हे खरं. पण मी दिवसभर चुलीपुढं बसायचं आणि भाकर कुणी केली हे खाणाऱ्यानं विचारायचंही नाही, तर मला राग येईल." ते म्हणाले, "तुमची गोष्ट वेगळी." आणि त्यांनी पुढची कॅसेट लावली.

आता धोंडू शाहीर. पोलादपूरच्या वरच्या अंगाला एका वाडीत राहणारा कुणबी, भातशेती करणारा. नाचाच्या बारीत त्याचं नाव होतं. दोन मंडळी समोरासमोर उभी राहतात, सवाल-जवाब चालतात, त्याला आमच्याकडे बारी म्हणतात. त्या लोकांत एक रीत आहे. गाणं कुणीही गावं, मनाई नाही. पण शेवटच्या कडव्यात ज्यानं रचलं त्याचं नाव गुंफलेलं असतं, ते घेतल्याशिवाय गाणं संपवायचं नाही. नाव गाळलं तर भर बारीत समोरचा शाहीर ढोलकी थांबवतो आणि 'चोर' म्हणतो. तेवढीच चोरी.

मुंबईच्या कंपनीनं धोंडू शाहिराला बोलावून त्याची गाणी भरून घेतली, कागदावर अंगठा घेतला, शाल-नारळ दिला. ती कॅसेट कंपनीनं मुंबईत विकली. पोलादपूरला आली ती एकच, एका चाकरमान्याच्या पिशवीतून, आणि ती भाऊजींच्या दुकानात उतरली. मग पुढं वाडीवाडीत गेली.

घोळ इथं झाला. नाचाची गाणी लांब. लोकांना एका कॅसेटीत जास्त गाणी हवीत. भाऊजींनी काय करावं? प्रत्येक गाण्याचं शेवटचं कडवं कापलं. "शेवटी नुसतं नावगाव असतं," ते म्हणाले. "लोक नाचून दमलेले असतात. कोण ऐकतो?" नाचाची रीत त्यांना ठाऊक नव्हती असं नाही. आमच्या लोकांत तो नाच नाही, म्हणून ती त्यांना टोचली नाही.

गौरी-गणपतीत शाहीर आपल्याच बहिणीच्या गावी गेला. तिथं पोरं त्याच्याच गाण्यावर नाचत होती. गाणं संपता संपता मध्येच तुटलं. शाहिरानं विचारलं, "कोनाचं रे गानं?" पोरं म्हणाली, "टेपवाल्या किसनचं."

तो दुसऱ्याच दिवशी एसटीनं महाडला आला. दुकानात उभ्या उभ्याच बोलला.

"किसन, माझा गला कापलास तू."

"शाहीर, तुमचं गाणं मी घराघरात नेलं. कंपनीनं नेलं का?"

"नेलंस ना. माजं नाव रस्त्यात टाकून नेलंस."

"पाण्यावर कुणाचं नाव असतं काय?"

"पान्यावर नसतं रे. पन ज्यानं झरा सोदला त्याचं नाव लोक झऱ्याला देतात."

भाऊजी हसले. हसायला नको होतं. मी चहा टाकला होता. शाहीर तो न पिता गेला. मी म्हटलं, "जात आडवी आली. आपल्या घरचा चहा चालत नसंल." भाऊजींनी हातातली कॅसेट खोक्यात ठेवली. मग म्हणाले, "नाय वयनी. ह्या वेळेला जात नाय आडवी आली."

त्यानंतर महिना-दीड महिन्यानं कंपनीची जीप दारात आली, पोलीस घेऊन, आणि जीपमध्ये शाहीर. सगळ्या बाजाराला वाटलं, म्हाताऱ्यानंच तक्रार केली. मलाही तेच वाटलं.

तर तो टोपीकडे बघत बसला होता. हवालदार कंटाळला. "शाहीर, हो की नाही सांगा. पंचनामा व्हायचाय."

शाहीर मान वर करून कंपनीच्या माणसाला म्हणाला, "मी तुमाला मुंबईत काय सांगितलं हुतं? म्हाडचा मानूस माजं नाव कापतो, येवडंच. मी नावाचं सांगितलं, तुमी मशिनीचं ऐकलंत."

"शाहीर, गाणी कंपनीची आहेत. कागदावर तुमचा अंगठा आहे."

"अंगठा दिला. गला नाय दिला." मग तो भाऊजींकडे वळला. "किसन, ह्या लोकांना सांग. गानं कोनाचं हाय?"

"तुमचं," भाऊजी म्हणाले.

"असं नाय. रीतीनं सांग."

रीतीनं म्हणजे काय, ते गर्दीतल्या पोलादपूरच्या माणसांना कळलं. भाऊजींनाही कळलं. कापलेलं कडवं गायचं होतं. गुणगुणायचं म्हटलं तर घरात मी ओरडायची, आणि हा माणूस भर बाजारात, हवालदाराच्या हातात हात असताना, गायला लागला. सूर नाही, ताल नाही. पण एक शब्द चुकला नाही. कापण्यासाठी ते कडवं त्यांनी पुन्हा पुन्हा ऐकलं होतं ना.

डोंगरातून आलं पानी, कोन म्हनंल माझं हाय?
धोंडू म्हने मी पाट नुसता, अडवायाचा धंदा नाय.

ते गाणं मी रोज भाकऱ्या थापताना ऐकायची. हे कडवं त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. जे सिद्ध करायला हा माणूस वर्षानुवर्षं गिऱ्हाइकांशी भांडत होता, ते शाहिरानं आधीच गाऊन ठेवलं होतं. आणि ह्यानं जागा वाचवायला नेमकं तेच कापून टाकलं होतं. शहाणी माणसं असंच करतात.

गर्दीत कुणी हसलं नाही. शाहिरानं टोपी डोक्यावर घातली. "झालं. नाव घेतलं. आता माजी काय तक्रार नाय. परवानगी इचारता? आमच्यात हीच परवानगी." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "बाय गो, जरा पानी दे."

मी हात धुतले आणि तांब्या भरून दिला. तो वरून न पिता ओठ लावून प्यायला. रिकामा तांब्या त्यानं माझ्या हातात दिला.

म्हणून भाऊजी सुटले असं नाही. कंपनीच्या माणसानं सांगितलं की कायदा शाहिराच्या रीतीवर चालत नाही, आणि त्याचं खरं होतं. टेप जप्त झाले, भाऊजी आत गेले, जामीन मिळाल्यावर घरी आले. मग महाडच्या कोर्टात तारखा सुरू झाल्या. दर तारखेला शाहीर पोलादपूरहून साक्षीला यायचा, भाऊजींच्या शेजारी बाकावर बसायचा आणि दुपारी आमच्याकडे जेवून जायचा. आमटीत मीठ कमी आहे असं तोंडावर सांगायचा. शेवटी कंपनीच बुडाली, तारखेला यायला कुणी उरलं नाही आणि खटला आपोआप विझला. टेप परत मिळाले तेव्हा गंजले होते.

भाऊजींनी पुन्हा एक टेप उभा केला. काम तेच. पण आता कडवं पुरं. जिथं कंपनीनंच नाव गाळलेलं असे तिथं गाणं संपल्यावर ते स्वतः बोलायचे: "हे गाणं अमक्याचं, गाव तमकं." गिऱ्हाईक कुरकुर करायचं, "किसनभाऊ, एक गाणं कमी बसतं हो." ते म्हणायचे, "एक गाणं कमी ऐक. ज्याचं आहे त्याला पुरं ऐक."

हल्ली माझी भाचवंडं मोबाईलवर गाणी, सिनेमे फुकट उतरवून घेतात आणि वाद घालतात, ही चोरी की नाही, कायद्यानं मोकळं करावं की नाही. मला विचारतात. मी म्हणते, मला कायदा कळत नाही. आधी हे कुणी रचलं ते सांग. बहुतेकांना सांगता येत नाही. मग मी त्यांना भाऊजींची गोष्ट सांगते, आणि त्यांना ती लांब वाटते.

धोंडू शाहीर एका उन्हाळ्यात गेला. भाऊजी वाडीवर जाऊन आले. काही वर्षांनी छातीच्या दुखण्यानं तेही गेले. हवालदार निवृत्त होऊन वारला. कंपनीच्या माणसाचं मला ठाऊक नाही. त्या दिवशी आम्ही जे त्या दुकानात होतो, त्यांतली मी अजून आहे.