दह्याचे डोनट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगतेय — आणि सांगतानाही तुमचा चेहरा न्याहाळतेय, खोटं कशाला बोलू?

माझा स्वभावच संशयी. दूधवाल्याच्या कॅनमध्ये पाणी, भाजीवाल्याच्या काट्यात खोट — मला सगळीकडे काळंबेरं दिसतं. पण सुजातावर माझा संशय नव्हता. तेच तर सांगायचंय.

सुजाता कोराडीच्या कॉलनीत आमच्या खालच्याच क्वार्टरमध्ये राहते. काही वर्षांपूर्वी कॉलनीतल्या प्रत्येक वाढदिवसाला तिचे लिंबाएवढे डोनट लागायचे, वरून पिठीसाखर भुरभुरलेले. तिच्या ओट्याशी उभी राहून मी पाहिलंय — मैदा, दूध, दही. अंडं नाही. गरमगरम तिथेच खाल्लेतही.

मग माझ्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू झालं. सुजाताला बोलावलं नव्हतं. त्यांच्या घरी बुद्धाची मूर्ती, ती कुठे येणार — अशी मीच माझी समजूत घातली. गप्पांत एकीनं विचारलं, "त्या डोनटमंदी अंडं रायते का वं?"

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. खाली माझंच जाणंयेणं होतं ना? अंड्याचं निमित्त होतं. मी तिच्या हातचं खाते का, हे त्यांना काढून घ्यायचं होतं — निदान मला तसंच वाटलं. आणि मी म्हणाले, "काय मालूम बाई. मले त वास येते."

वास! कसला वास?

तिच्या डोनटच्या ऑर्डरी बंद पडल्या. सुजाता वर आली. "काकू, तुम्ही त पायलं होतं न. सांगा न त्यायले."

"मी कुठं नीट पायलं वं?"

ती बघतच राहिली. मग जिना उतरली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण मी दार लावून घेतलं.

परवा नातवाचा वाढदिवस झाला. डोनट नागपुरातल्या सदरच्या बेकरीतून आणले. त्यात अंडं होतं, खोक्यावर तसं लिहिलेलंच होतं. त्याच बायकांनी मिटक्या मारत खाल्ले. कुणी काही विचारलं नाही.

सुजाताची मुलगी नातवाच्या वर्गात आहे, तीही आली होती. खोक्यापाशी हात मागे बांधून उभी होती. मी म्हटलं, "घे न."

"तुम्हीच द्या, आजी. आई म्हणते, खोक्याले हात नको लावू."

तिनं ओंजळ पुढे केली. सगळ्या बघत होत्या. मी एक डोनट उचलला — आणि वरूनच सोडला.