माझ्या गाण्याचं मूळ गाणं

आमच्या गाडीत माझ्या शेजारच्या सीटवर बायको बसत नाही, बास बसतो. उभा बास म्हणजे व्हायोलिनचा थोरला काका. माझ्यापेक्षा उंच, आणि बायकोच्या मते माझ्यापेक्षा शहाणा, कारण कुणी वाजवल्याशिवाय तो बोलत नाही. त्याचं धूड मागच्या दारातून आत सारायचं, डाव्या बाजूच्या सीटा आडव्या पाडायच्या, मग त्याची मान पुढे येऊन डॅशबोर्डला टेकते. बायको माझ्या पाठीमागे, मांडीवर माझा कोट घेऊन.

“लग्नात मी तुझ्या डाव्या बाजूला बसले होते,” ती म्हणते. “आता तिथे ही भवानी.”

साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलात मी भूल देतो. म्हणजे माणसांना झोपवणं आणि त्यांचं दुखणं थांबवणं हा माझा धंदा. आणि महिन्यातून एका रविवारी दुपारी गोदीजवळच्या एका क्लबात मी रॉकबिली वाजवतो, म्हणजे तिथे नेमकं उलटं. रॉकबिली हे सत्तरएक वर्षांपूर्वीचं अमेरिकन गावरान गाणं. गिटार, ड्रम, आणि बासच्या तारा ओढून लाकडावर फटकावायच्या, सटाक् सटाक्. त्या फटक्यांवर इथले आजोबा केसांचा कोंबडा काढून आणि आज्या घेरदार फ्रॉक घालून अशा गिरक्या घेतात, की मला पुढच्या सोमवारची गुडघे बदलण्याची यादी समोर नाचताना दिसते.

आमचा गायक हा बँडचा मालकही आहे. आठवडाभर बस चालवतो आणि बँडही तसाच चालवतो. ठरलेला रस्ता, ठरलेले थांबे, मध्ये कुणी घंटी वाजवली तरी ढिम्म. प्रत्येक गाण्याआधी तो माइकवर सांगतो, हे मूळ कुणाचं, कुठल्या गावात रेकॉर्ड झालं. आपल्याकडे गुरूचं नाव घेताना कानाची पाळी धरतात ना, अगदी तसं. फक्त याच्या हातात बिअर असते. आणि समोरचे लोक म्हणजे घराणेदार बैठकीतली पहिली रांग. जरा चूक झाली की खालून आवाज येतो, “त्याच्या आधी दुसऱ्यानं गायलंय!”

माझी तक्रार कव्हरबद्दल नव्हती. कव्हर म्हणजे दुसऱ्याचं गाणं; ते आपण वाजवावं, आनंदाने वाजवावं. आयुष्यभर मी तेच केलं. लंडनच्या हॅरोतल्या मराठी मंडळींच्या दिवाळी कार्यक्रमातही सगळे तेच करतात, जुनं भावगीत घेऊन मूळ गायिकेने जिथे श्वास घेतला तिथेच श्वास घेतात, मग स्वतःचा जीव गुदमरला तरी चालेल. माझी तक्रार वेगळी होती. हे लोक ज्याला ‘मूळ’ म्हणतात तेही बऱ्याचदा उचललेलंच असतं. त्या गोऱ्या पोरानं ते एका काळ्या गायकाकडून घेतलेलं, त्यानं चर्चमधून, चर्चवाल्यांनी कुणाच्या तरी आजीकडून. पण उचलण्याला सत्तर वर्षं झाली की ते पवित्र. आणि मी, जिवंत माणूस, काल-परवा स्वतःच्या डोक्यातून एक गाणं काढलं, तर ते ऐकायलाही कुणी तयार नाही?

काढलं होतं मी एक गाणं. हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये सुचलेलं. सकाळी ड्युटीला पोचायचं आणि मजल्यामागून मजला गोल गोल फिरायचं, जागा काही मिळत नाही. त्यावरून सुचलं: एक माणूस गाडी घेऊन गावभर फिरतोय, प्रिया दारात उभी आहे, आणि याला गाडी लावायला जागाच नाही. घरी बास वाजवून, माझ्याच आवाजात गाऊन ते फोनवर रेकॉर्ड केलं. आता, बास असा फटकावताना बोटांना हॉस्पिटलची पांढरी चिकटपट्टी गुंडाळावी लागते, नाहीतर कातडी सोलते. त्या दिवशी उत्साहात मी ती गुंडाळली नव्हती. दुसऱ्या कडव्यानंतर तार बोटात अशी शिरली, की मी जोरात ओरडलो, “आई गं!”

इथे येऊन इतकी वर्षं झाली. स्वप्नंसुद्धा आता बरीचशी इंग्रजीत पडतात. पण दुखलं की आईच.

गायकाने ते रेकॉर्डिंग सरावाच्या वेळी डोळे मिटून ऐकलं. ऐकून झाल्यावर म्हणाला, “डॉक, तो मधला ओरडा झकास आहे. तो ठेवायचा.”

“तो गाण्यात नाहीये. माझं बोट कापलं होतं.”

“मग पुढेही कापत जा.”

“आणि गाणं?”

“गाणं बरंय. पण तुझं आहे म्हणून मी सांगणार नाही.”

“का?”

“कारण ‘आता आमचं स्वतःचं गाणं’ असं माइकवर म्हटलं, की अर्धा हॉल बारकडे वळतो. ती लघवीला जायची वेळ असते, मेट. वर्षानुवर्षं बघतोय.”

मी कबूल झालो. मला फक्त एवढंच हवं होतं, की एकदा तरी त्या लाकडी फरशीवर माझ्या गाण्यावर माणसं नाचावीत आणि नंतर कुणीतरी म्हणावं, डॉक्टर, हे तुमचं? पहिला भाग आधी मिळवू, दुसरा मागून येईल, असं मला वाटलं. आपल्याकडे संतांच्या नावावर स्वतःचे अभंग खपवणारे कोण कोण होते, त्यांनाही सुरुवातीला असंच वाटलं असेल.

त्या रविवारी गायक माइकवर म्हणाला, “हे जुनं आहे. तुम्हाला माहीत असेलच.” आणि खरं सांगतो, समोरच्या लोकांनी माना डोलावल्या! माहीत होतं त्यांना! पहिल्या फटक्याला फरशी भरली. दुसऱ्या कडव्यानंतर गायकाने “आयी गाऽ” केलं, आणि पुढच्या खेपेला अख्खा हॉल ओरडला, “आयी गाऽ!” साउथहॅम्प्टनच्या गोदीवरचे निवृत्त कामगार आपल्या आयांना मराठीत हाका मारत होते. मागे खुर्चीत बसलेल्या बायकोने दोन्ही हात वर केले. एवढं तिने माझ्या इथल्या डॉक्टरीच्या परीक्षेच्या निकालालाही केलं नव्हतं.

गाणं संपल्यावर एक गृहस्थ मंचाजवळ आले. पूर्वी बंदरावर क्रेन चालवायचे, आता जुन्या रेकॉर्डी जमवतात. क्लबात त्यांचा शब्द शेवटचा.

“छान केलंत,” ते मला म्हणाले. “फार लोकांना ठाऊक नाही हे गाणं. ओरिजिनलचा वेग जरा कमी आहे.”

“कुठलं ओरिजिनल?”

“आहे माझ्याकडे. गॅरेजमध्ये.”

“अहो, हे मी लिहिलंय.”

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, भ्रमिष्ट पेशंटच्या खांद्यावर आपण ठेवतो तसा. “चांगलं गाणं असलं की तसं वाटतं, डॉक.”

मी गायकाकडे पाहिलं. तो गिटारच्या तारा पुसत होता. गिटारच्या तारा त्याने त्याआधी कधी पुसल्या नव्हत्या.

मग दर महिन्याला मी त्या गृहस्थांच्या मागे लागलो. आणा ना ती रेकॉर्ड. एकदा गॅरेजचं दार अडकलं होतं, एकदा त्यांची कंबर धरली होती, एकदा त्यांच्या बायकोने दारापुढे ख्रिसमसचं सामान रचलं होतं. माणूस खोटारडा नव्हता हो, तेच तर दुखत होतं. त्यांनी ते गाणं खरोखर ऐकलं होतं, निदान त्यांच्या डोक्यात तरी.

“म्हणजे तुझं गाणं इतकं अस्सल झालंय की त्यांना जुनं वाटतं,” बायको मागच्या सीटवरून म्हणाली. “कौतुकच आहे की.”

“कौतुक माझं नाही. त्या न सापडणाऱ्या गायकाचं.”

“मग त्याच्या नावाने जळतोस कशाला? तो तर नाहीच आहे.”



आणि मग केंब्रिजहून मुलीचा फोन. ती तिथे शिकते. तिचं मराठी आमच्या स्वयंपाकघरात वाढलं, त्यामुळे त्यात फोडणी आहे, व्याकरण नाही.

“बाबा, इकडे एक बँड आहे, त्यांनी तुझा गाणं घेतला!”

“तुझं गाणं. घेतलं.”

“तेच. बाबा, फोकस! व्हिडिओ पाठवलाय. आणि प्लीज अपसेट होऊ नको, पण इट्स रिअली गुड.”

तिच्याएवढीच चार मुलं. आमच्या क्लबातल्या कुणीतरी फोनवर काढून नेटवर टाकलेला, नुसत्या नाचणाऱ्यांचा व्हिडिओ बघून त्यांनी गाणं उचललं होतं. त्यांच्या व्हिडिओखाली लिहिलं होतं, ‘पारंपरिक’. मी तो दोनदा बघितला आणि पुढच्याच शनिवारी केंब्रिज गाठलं. बास नेला नाही. बायको कितीतरी महिन्यांनी पुढे बसली होती आणि या चोरीबद्दल मनोमन त्या मुलांचे आभार मानत होती.

पबच्या मागच्या अंगणात दुपारी ती मुलं वाजवत होती. वाजवून झाल्यावर मी बासवाल्या पोराला गाठलं. मुलगी शेजारी.

“ते गाणं माझं आहे,” मी म्हणालो.

“ओह, तुम्हीही वाजवता?” त्याचा चेहरा उजळला. “कुठलं व्हर्जन?”

“व्हर्जन नाही. मी लिहिलंय ते.”

“हो,” मुलगी म्हणाली, “ही रोट इट. माय डॅड.”

पोरगा सभ्य होता, म्हणूनच जास्त राग आला. “सर, पण त्याची जुनी रेकॉर्ड आहे ना? साउथहॅम्प्टनच्या एका गृहस्थांनी आमच्या व्हिडिओखाली लिहिलंय. त्यांच्याकडे आहे म्हणे.”

“त्यांच्या गॅरेजमध्ये,” मी दात आवळून म्हणालो.

तेव्हा मुलीने हुकमाचं पान टाकलं. “तो मधला शाउट आहे ना, ‘आई गं’? ते मराठी आहे. आमची लँग्वेज. ओ, मदर! आम्ही पडलो की म्हणतो.”

पोरगा खरंच विचारात पडला. मला वाटलं, चला, न्याय झाला. मग तो म्हणाला, “अमेझिंग! मग त्या मूळ गायकाला मराठी कसं येत होतं?”

बायको हसता हसता खाली बाकावर बसली. मी बसलो नाही. मी बार गाठला, आणि जाताना लक्षात आलं, की स्वतःच्या गाण्याची गोष्ट निघाल्यावर बारकडे जाणाऱ्यांत आता मीही होतो.

याहून वाईट पुढे होतं. त्या मुलांनी ओरडायच्या आधी सगळी वाद्यं थांबवली होती. एक क्षण पूर्ण शांतता, आणि त्या शांततेत “आई गं!” माझ्या गाण्यात तो अपघात होता, त्यांनी त्याला जागा करून दिली होती. पार्किंगच्या गाण्याला जागा मिळाली, आणि ती मला सुचली नव्हती. पुढच्या सरावाला आमचा गायक म्हणाला, “केंब्रिजवाल्यांचं ऐकलंस? तो स्टॉप घ्यायचा आपण.”

“माझ्या गाण्याची नक्कल करणाऱ्यांची नक्कल मी करणार नाही.”

“तुझं बरोबर आहे,” तो म्हणाला. “पण त्यांचं चांगलं आहे.”

“ठीक,” मी म्हणालो. “स्टॉप घेतो. पण या वेळी माइकवर सांगायचं. माझं आहे म्हणून. नाहीतर बास काढतो आणि बायकोला पुढे बसवतो.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. भरलेल्या बसमध्ये सुट्टे नसलेल्या प्रवाशाकडे बघतात तसं. “ओके, डॉक. तुझी फरशी, रिकामी झाली तर तुझी जबाबदारी.”

रविवार आला. बोटांना पट्टी गुंडाळली, नीट, दोन पदरी. गायक माइकजवळ गेला. “हे आता,” तो म्हणाला, “आमच्या डॉकने लिहिलंय.”

काही लोक हसले. चांगला विनोद होता त्यांच्या मते. बाकीचे बारकडे वळले. अगदी त्याने सांगितलं होतं तसे, शिस्तीत. मोकळ्या लाकडी फरशीकडे बघत मी पहिला फटका मारला. दोन-चार फटक्यांत बारकडे गेलेले थांबले. “अरे, हे तर ते!” कुणीतरी म्हणालं. ग्लास टेबलावर टेकले, फरशी पुन्हा भरली. माझं नाव ऐकून गेलेली माणसं गाणं ओळखून परत आली होती. मागे बायको हातांनी खूण करत होती, वाजव, वाजव.

दुसरं कडवं संपलं. सगळे थांबले, केंब्रिजसारखे. शांतता. मीही थांबायला तार सोडली, पण पट्टी घामाने सुटली होती आणि तार तिच्याखाली, थेट त्याच जुन्या जागी शिरली. हॉल वेळेवर ओरडला, “आयी गाऽ!” आणि त्यानंतर, सगळं शांत झाल्यावर, एकटा मी, अगदी मनापासून, “आई गं!”

गायकाने मान वळवून रागाने पाहिलं. आम्ही कसंबसं गाणं पुढे रेटलं.

मंचाच्या पायरीवर बसून मी बोटाला नवी पट्टी गुंडाळत होतो, तेव्हा रेकॉर्डवाले गृहस्थ आले. आधी टाळ्या वाजवल्या. माणूस मनाने चांगला.

“उत्तम,” ते म्हणाले. मग जवळ वाकून, इतरांना ऐकू जाऊ नये एवढ्या हळू, “फक्त तो ओरडा तुमचा जरा मागे पडला, डॉक. ओरिजिनलमध्ये आधी येतो.”

पट्टीचं टोक सापडत नव्हतं. मी पट्टी दातांनीच तोडली आणि विचारलं, “गॅरेज उघडलं का?”

“पुढच्या आठवड्यात,” ते म्हणाले.