गीझर म्हणजे काय

आमच्या घरात एक विनोद अजून चालतो. लग्नानंतर थोड्याच दिवसांनी बायको, मी आणि माझा थोरला भाऊ कोठीच्या बाजारात गीझर घ्यायला गेलो होतो. डबा बघून बायकोने विचारलं, "यातून कारंजं उडतं का हो?" दुकानदार म्हणाला, "अजी अम्मा, पानी गरम करने का डब्बा है, ज्वालामुखी नक्को समझो." भाऊ पोट धरून हसला आणि घरी येऊन त्याने तिचं नावच पाडलं, ज्वालामुखी. मीही हसलो होतो.

खरं असं आहे, की तिचं बरोबर होतं आणि मला ते तिथेच कळलं होतं. मी मराठी शाळेत भूगोल शिकवायचो. गौलीगुड्यातल्या आमच्या खोलीत उद्याचा धडा मोठ्याने म्हणून बघायचो आणि ती भाकऱ्या थापत ऐकायची. गीझर हा शब्द तिने पहिल्यांदा माझ्याच तोंडून ऐकला होता. दुकानातल्या त्या हशानंतर तिने मला धड्यातलं काही विचारलं नाही.

परवा पुतण्याच्या नव्या फ्लॅटवर जमलो होतो. न्हाणीघर दाखवताना तो म्हणाला, "काकू, जरा लांबून बघा हां, लाव्हा उडेल!" सगळे खिदळले.

"थांबा," मी म्हणालो. "गीझर हा शब्द आइसलँडचा. तिथे जमिनीखाली ज्वालामुखीची धग असते. मुरलेलं पाणी खोल, अरुंद भेगांत तापतं, पण वरच्या पाण्याच्या ओझ्याखाली त्याला उकळता येत नाही. वरचं थोडं सांडलं की दाब उतरतो, खालच्याची एकदम वाफ होते आणि सगळं पाणी आभाळात उसळतं. या डब्याने त्याचं नुसतं नाव घेतलंय. काकूला ते ठाऊक होतं. तुझ्या बापाला नव्हतं. मला होतं, तरी मी गप्प बसलो."

पुतण्या ओशाळला. बायको माझ्याकडे बघत होती.

"तेव्हा तोंडाला काय झालं होतं?"

"दादापुढे बोलायची हिंमत नव्हती."

"ते दिसलंच होतं मला." मग म्हणाली, "आणि खालची धग विझली तर?"

"तर उसळणं थांबतं."

"कायमचं?"

"धग असूनही वाट बुजल्यामुळे थांबलं असेल, तर नाही. एखाद्या भूकंपाने वाट मोकळी होते."

"ती कशी?" म्हणत तिने खुर्ची ओढली आणि माझ्यासमोर बसली.