पोटदांडा

गडमुडशिंगीच्या अनुजाला यंत्राची भीती कधी वाटली नाही. वाटायचा तो राग. गोठ्यातल्या कडबाकुट्टीवर, म्हणजे वैरण बारीक कापणाऱ्या यंत्रावर, तर तिचा दातच होता. ती सातवीत असताना त्या यंत्रानं तिच्या काकीची, चिमणाबाईची, दोन बोटं नेली होती.

झालं असं, की उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, आत सारताना काकीची बांगडी अडकली आणि फिरत्या रुळांनी हात ओढायला सुरुवात केली. रूळ थांबवायचा दांडा यंत्राला होता, पण पार पलीकडच्या अंगाला. शेण भरत असलेली अनुजा धावली, दांडा ओढला. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

"तात्या, दांडा तिकडं कशाला ठेवलाय?" तिनं काकांना विचारलं.

"कंपनीनं ठेवलाय. कंपनीपेक्षा तू शानी हाईस व्हय?" हंबीरतात्या खेकसले.

दुसऱ्या दिवसापासून शाळेतून आली की अनुजा यंत्रापुढं उकिडवी बसू लागली. हात अडकलेल्या माणसाकडं मोकळं काय उरतं? पोट. मग पोटानंच यंत्र थांबलं पाहिजे. भंगारवाल्याकडून तिनं जुन्या सायकलीचं हँडल आणि ब्रेकची तार आणली. हँडल यंत्राच्या तोंडापुढं आडवं बसवलं आणि तारेनं पलीकडच्या दांड्याला जोडलं. पोटाचा धक्का बसला की तार ओढली जाणार आणि रूळ थांबणार.

तपासायला तिनं रबरी हातमोज्यात वाढं कोंबलं आणि तो आत सारला. हँडलला पोटाचा धक्का दिला. तार ढिली होती. मोज्याची पाची बोटं कुट्टीत पडली. चिमणाबाई तोंड फिरवून आत निघून गेली. तात्यांनी "ह्यो खेळ बंद कर" म्हणून दम भरला. अनुजानं तार ताणली, दुसरा मोजा भरला. तोही गेला. तिसऱ्या मोज्याची दोन बोटं गेली. मग तिनं सायकलच्या स्टँडची स्प्रिंग दांड्याला लावली. चौथा मोजा मनगटापर्यंतही आत गेला नाही; बोटांची टोकं रुळांत धरून यंत्र गप्प उभं राहिलं.

तात्यांनी ते पाहिलं. हँडल काढून टाकलं नाही, एवढंच.

दिवाळीनंतर एका सकाळी त्यांच्याच सदऱ्याची बाही रुळात गेली. अनुजा दात घासत होती. तात्यांची आरोळी ऐकून ती धावली, तर तात्या हँडलवर पोट टेकून उभे, हात रुळांच्या बाहेर शाबूत, बाहीच्या तेवढ्या चिंध्या झालेल्या. चेहरा पांढराफटक.

"पोरी," ते म्हणाले आणि हँडलवरून हात फिरवला. संध्याकाळपर्यंत मात्र डेअरीवर, पारावर, सगळ्या गावाला सांगत सुटले, "आमच्या अनुजानं केलंय की!" 'पोटदांडा' हे नावही त्यांनीच ठेवलं.

गोष्ट शाळेत पोचली. मराठीच्या नंदिनी मॅडम मुलांसाठी छोटी पुस्तकं लिहायच्या. तेजस्वी नावाची खटपटी पोरगी आणि तिचे शोध, अशी त्यांची मालिका सुरू झाली. पहिल्या पुस्तकाचा कच्चा मजकूर त्यांनी अनुजाला वाचायला दिला. त्यातल्या तेजस्वीचा दांडा पहिल्याच फटक्याला चालला होता.

"मॅडम, हे खोटं हाय," अनुजा म्हणाली. "तीन हातमोजं गेल्यात माझं."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी ते प्रकरण पुन्हा लिहिलं. आता मालिकेचं पाचवं पुस्तक आलंय, तरी मुलं हातमोज्यांचंच प्रकरण पुन्हा पुन्हा वाचून दाखवायला लावतात.

अनुजा आज अकरावीत आहे. रविवारी ती आसपासच्या गोठ्यांत पोटदांडे बसवत फिरते. सोबत चिमणाबाई असते. परवा एक बाई यंत्राजवळ यायला बिचकत होती.

"ये की गं," चिमणाबाई म्हणाली, "आधी पोट लावून बघ. मग वाढं घाल."

बाईनं पोट लावलं. रूळ थांबले. अनुजा तोवर पुढच्या गोठ्याकडं निघाली होती.