गोजरामावशीची न शिजणारी डाळ

१९७८ साली मी बोईसरला एका कापडाच्या कंपनीत लागलो तेव्हा माझी जेवणाची सोय गोजरामावशीकडे झाली. एमआयडीसीच्या रस्त्याला लागून एक पत्र्याची चाळ होती. तिच्या टोकाच्या दोन खोल्यांत मावशी खानावळ चालवायची. नवरा महादूकाका दुसऱ्या एका कंपनीत वॉचमन होते. आम्ही जेवायला चौदा जण होतो.

मावशी मासवणची. माहेरी नदीच्या पाण्यावर तिचा हात बसलेला. इथे चाळीला बोरिंगचा एकच नळ, आणि त्याचं पाणी इतकं जड की साबण घासघासून झिजायचा पण फेस यायचा नाही. पातेल्यांना आतून चुन्यासारखा पांढरा थर बसायचा, तो मावशी करवंटीने खरवडून काढायची. भात पिवळसर व्हायचा. आणि तुरीची डाळ दोन दोन तास भुशाच्या शेगडीवर रटरटूनही दाताखाली यायची. मग ती त्यात खायचा सोडा टाकायची. डाळ फुटायची, पण तिला साबणासारखा वास यायचा आणि दुपारच्या पाळीत आमची पोटं गुरगुरायची. तरी आम्ही खात होतो, कारण दुसरी खानावळ जवळपास नव्हती.

दोन वर्षांनी ती झाली. नवापूरची इंदुबाई नावाची विधवा कोळीण समोरच्या बाजूला, अण्णा म्हणून एक बागाईतदार होते त्यांच्या चिकूवाडीच्या कडेला राहायला आली आणि तिनेही डबे सुरू केले. अण्णांच्या वाडीत जुनी विहीर होती. तिचं पाणी गोड. अण्णा फार सोवळ्याचे, विहिरीला कुणाला हात लावू देत नसत, पण इंदुबाईला त्यांनी दोन हंडे न्यायची परवानगी दिली होती.

पहिल्यांदा आमच्यातला चिंतू गेला. तो मावशीला सांगूनच गेला.

"मावशी, राग मानू नका. पण पोट साथ देत नाय."

"जा बाबा," मावशी म्हणाली. "पोटाला काय म्हणायचं."

त्याच्या मागून दर पंधरवड्याला एकेक जण गेला. मावशी ओट्यावर तांदूळ निवडायला बसायची आणि समोर इंदुबाईच्या दाराबाहेरच्या चपलांवर डोळा ठेवायची. "आज नऊ," असं ती मला सांगायची. त्यातला कुठला जोड कुणाचा हेही तिला पाठ झालं होतं. पुढे पुढे तिला चपलांपेक्षा इंदुबाईच खुपायला लागली. इंदुबाईचा अंबाडा मुठीत मावणार नाही एवढा, आणि मावशीचे केस बोरिंगच्या पाण्याने काथ्यासारखे झालेले. इंदुबाईचं लुगडं वाळत पडलं की लखलखायचं.

"रांडमुंड बाई," मावशी म्हणायची, "तिला एवढे केस कशाला पायजेत?"

एके दिवशी तिने माझ्या हातात वाटी दिली. "परताप, तुझा मित्र हाय ना तिकडं? तिच्या डाळीची वाटी आण. माझं नाव काढू नको."

मी आणली. मावशीने दार लोटून घेतलं, बोट बुडवून डाळ दोन बोटांत चोळली, मग चाटली. डाळ लोण्यासारखी होती.

"हिंग जास्त हाय," शेवटी म्हणाली, आणि वाटी पुसून पुसून चाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी अण्णांच्या वाडीत गेली. मी पाळीवर निघालो होतो, तेव्हा मला ती फाटकाशी दिसली. तिने अण्णांना सांगितलं, इंदुबाईची गिऱ्हाईकं तुमच्या विहिरीच्या काठावर साबण लावून कपडे धुतात आणि फेस आत ओघळतो. त्यात खरं एवढंच होतं की एकदा एकाने तिथे पाय धुतले होते. अण्णांनी त्याच संध्याकाळी विहिरीवर जाळी बसवून कुलूप लावलं.

सकाळी इंदुबाई हंडा घेऊन बोरिंगच्या नळाच्या रांगेत उभी राहिली. मावशी तिच्या मागेच होती. त्या दिवशी मावशीने आम्हाला पापड तळून वाढले आणि वाढताना गुणगुणत होती. "आता बघा, येतील मागारी," असं तिने दोनदा म्हटलं.

कुणी मागारी आलं नाही. आठ दिवस गेले, पंधरा गेले. इंदुबाईच्या दाराशी चपला तेवढ्याच. मावशीला अन्न गोड लागेना. शेवटी कढीपत्ता मागायच्या निमित्ताने ती स्वतःच समोर गेली, आणि मला सोबत नेलं.

इंदुबाईच्या चुलीवर मोठं पातेलं उकळत होतं. बाजूला दुसरं पातेलं निवत ठेवलेलं, त्याच्या तळाशी पांढरा गाळ.

"ह्ये काय?" मावशीने विचारलं.

"पानी गं. आदी खळखळून उकळायचं, निवू द्यायचं, आनी वरचं निवळ तेवढं डाळीला घ्यायचं. आमच्या नवापूरच्या घरची विहीर अशीच जड हाय, सासू असंच करी. हितं गोड पानी मिळालं, म्हनून मी विसरले होते. अन्नांनी कुलूप लावलं तवा आठवलं." तिने कढीपत्त्याच्या दोन डहाळ्या मावशीच्या हातात दिल्या. "तू पन कर. भुसा थोडा जास्त जळतो, पन डाळ विरघळते."

घरी येताना मावशीचा चेहरा तापलेल्या तव्यासारखा झाला होता. डहाळ्या तिने गटारात फेकल्या. "तिचं शिकून मी डाळ शिजवू?" ती म्हणाली, आणि सोडा टाकत राहिली. आम्ही तिघेच उरलो.

महिन्याभराने एका दुपारी महादूकाका पाळी संपवून उशिरा घरी आले आणि ताटावर बसेनात. "भूक नाय," म्हणाले. तेवढ्यात त्यांना ढेकर आला. मावशीने वास घेतला.

"हिंग जास्त हाय," ती हळूच म्हणाली. मग ओरडली, "घरची बायको मेली का तुमची?"

"मेली नाय," काका मान खाली घालून म्हणाले, "पन दात हलतात माझे, गोजरा. डाळ चावत नाय."

दुसऱ्या सकाळी मी चहाला गेलो तर शेगडीवर पाणी खळखळत होतं. दुपारी डाळ घोटल्यासारखी झाली. आम्ही नवल केलं तर म्हणाली, "मीच शोधून काढलं."

हळूहळू चारपाच जण परत आले, पण समोरच्या चपला कायम जास्तच. असं पाच वर्षं चाललं. मग इंदुबाईला दम्याने धरलं. मुलाने तिला नवापूरला न्यायचं ठरवलं. जायच्या आदल्या दिवशी ती आपल्या अकरा जणांना घेऊन मावशीच्या दारात आली.

"ह्यांना तू बघ, गोजरा. दुसऱ्या कुणाच्या हातावर माझा भरवसा नाय."

मावशीचे हात पिठात होते. ते तसेच ठेवून ती म्हणाली, "अण्णाकडं मी गेले होते. कुलूप माझ्यामुळं लागलं."

"म्हाईत हाय. अन्नांनी त्याच दिशी सांगितलं."

"मग पाच वर्षं बोलली का नाय?"

"काय बोलनार? तुजे डोळे रोज माज्या दारावर असत. मला वाटे, हिला माज्यापेक्षा जास्त तरास हाय."

इंदुबाई गेल्यावर मावशी मला म्हणाली, "पाहिलंस? जाता जाता पन मोठी होऊन गेली." तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते कशाचं ते मला सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी ते अकरा जण पंगतीला बसले. त्यातला एक जण कौतुकानेच म्हणाला, "वा, इंदुबाईसारखीच झालीय." मावशीने त्याला दुसऱ्यांदा डाळ वाढली नाही.